पार्सलमास्तरांची गाठ

आमच्या भावोजींना चिकटपट्टीची शिसारी होती. कुणी चिकटपट्टी लावलेलं खोकं घरात आणलं की ते दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ उचलावं तसं, दाराजवळ नेऊन ठेवायचे.

"चिकटपट्टी म्हणजे चोराची सोय," ते म्हणायचे. "ब्लेडनं काप, आतलं काढ, वर नवी पट्टी ओढ. कुणाच्या बापाला कळतंय? सुतळीचं तसं नाही. एकानं मारलेली गाठ दुसऱ्याला तश्शी मारता येत नाही."

एकतीस वर्षं ते टपालखात्याच्या पार्सलखोलीत उभे होते. उभे म्हणजे अक्षरशः उभे. पायांच्या शिरा निळ्या फुगलेल्या, गुडघे कामातून गेलेले, आणि उजव्या हाताच्या तर्जनीवर सुतळी ओढून ओढून पडलेला घट्टा. निवृत्त झाले तरी तो घट्टा गेला नाही आणि ऐटही गेली नाही. इमारतीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. पार्सलमास्तर. कुणाला लेकीकडे काही पाठवायचं असलं की खोकं घेऊन आमच्या दारात. मग हे चष्मा लावणार, खोकं हातात तोलणार, "नऊशे ग्रॅम" म्हणणार आणि ते नऊशेच भरणार. तपकिरी कागद, चारी बाजूंनी सुतळी, मध्ये ती गाठ. उरलेली दोन टोकं सारखी कापलेली. ताई म्हणायची, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते यांच्याकडे बघूनच."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. चार वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दोन महिन्यांसाठी म्हणून त्यांच्याकडे आले, ती अजून तिथेच आहे. सकाळी एका दाताच्या डॉक्टरांकडे बसून पेशंटांच्या वेळा लिहून घेते, दुपारी घरी. भावोजी मला "दोन महिन्यांची पाहुणी" म्हणतात. मीही त्यांना सोडत नाही. आमचं मेव्हणी-भावोजींचं असंच चालायचं.

ऑपरेशनमध्ये ताईची डावी छाती काढली. हॉस्पिटलातून तिला एक रबरी गोळा दिला होता, आतल्या कपड्यात ठेवायला. जड, आणि घाम आला की त्वचेला चिकटणारा. ताईनं तो महिनाभर वापरला, एक दिवस पलंगाखाली भिरकावला आणि शिवणयंत्रापुढे जाऊन बसली. पहिली उशी नुसत्या कापसाची केली, ती चालता चालता गळ्यापाशी वर चढायची. दुसरी फारच सपाट झाली. मग तिनं कापसाच्या मधोमध बारीक काचमण्यांची पिशवी घातली, वजनासाठी. पाचवी उशी जमली. ती घालून ती आरशापुढे बाजूला वळून किती तरी वेळ उभी होती. आत येऊन मला म्हणाली, "बघ गं, कळतंय का?" कळत नव्हतं.

तपासणीच्या रांगेतल्या बायकांनी विचारलं, तिनं चौघींना शिवून दिल्या. त्या चौघींनी आणखी चौघींना सांगितलं. मग मी तिचं ऑनलाइन विक्रीच्या एका साइटवर खातं काढून दिलं. खातं तिच्या नावाचं, कॉम्प्युटर माझ्या हातात, शिवण तिचं, बांधणं भावोजींचं. बायका माप पाठवायच्या, कागदावर आखून. गंमत अशी, की एकही बाई त्या वस्तूचं नाव लिहीत नसे. "ते", "ती वस्तू", "आपल्याकडचं ते". एकीनं तर नुसतं "हो" लिहून माप पाठवलं होतं. ताईला सगळं समजायचं. साइटवर तिनं माझ्याकडून एकच ओळ घालून घेतली होती: आत काय आहे ते तुम्हाला आणि आम्हाला, तिसऱ्याला कळणार नाही.

आणि त्या शब्दाला तारण काय, तर भावोजींची गाठ. पार्सल बांधून झालं की ते मला हाक मारायचे, मी गाठीचा फोटो काढायची आणि त्या बाईला पाठवायची. गाठ अशीच असेल तर घ्या, सैल किंवा वेगळी दिसली तर घेऊ नका. बायकांना याचा फार आधार वाटायचा. पार्सल मिळालं की त्याही आभाराऐवजी लिहायच्या, "गाठ आहे तशी मिळाली." भावोजी ते मला मोठ्यानं वाचायला लावायचे. मात्र आतली उशी त्यांनी कधी उघडी पाहिली नाही. ताई कापडी पिशवीत घालून, तोंड शिवून द्यायची आणि ते तिला "माल" म्हणायचे. स्वतःच्या बायकोनं शिवलेल्या वस्तूचं नाव चार वर्षांत त्यांच्या तोंडून निघालं नाही.

तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग टपालखात्यानं पार्सलांचं काम एका वाहतूक कंपनीला देऊन टाकलं. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात कंपनीचा काउंटर आला, तिथे पार्सल द्यायचं, पावती घ्यायची. भावोजी पहिल्या दिवशी परत आले ते तोंड वाकडं करूनच. "पोरगं पार्सल फेकतंय हो," ताईला म्हणाले. "उचलून ठेवत नाही, फेकतंय."

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका शिक्षिकेचा निरोप आला. सुट्टी संपली, सोमवारी शाळेत रुजू व्हायचंय, सहावीचा वर्ग आहे, पार्सल अजून आलं नाही, तेवढं बघाल का. मी बघितलं. कंपनीच्या पानावर तीन आठवडे एकच शब्द: वाटेत. मी ताईला म्हटलं, दुसरी पाठवू. ताईनं त्याच दिवशी शिवली, भावोजींनी बांधली, मी गाठीचा फोटो पाठवला. सोमवार आला, पार्सल आलं नाही. पुढच्या शनिवारी शिक्षिकेनं लिहिलं, "काळजी करू नका. फाइल छातीशी धरून आठवडा काढला. मुलं विचारतात बाई फाइल खाली का ठेवत नाहीत."

ताईनं ते वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला. त्या दिवशी ती जेवली नाही.

माझं डोकं फिरलं. मी साइटला लिहिलं. साइटचं उत्तर दोन मिनिटांत: वस्तू ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची. आता नियम म्हणून ते बरोबरच आहे, उद्या मी काही मागवलं आणि ते मिळालं नाही तर मीही विकणाऱ्याचंच मानगूट धरीन. पण पार्सल आम्ही खाल्लं होतं का? मी कंपनीला फोन लावला. पंचवीस मिनिटं वाजंत्री ऐकवून एका मुलीनं उचलला.

"मॅडम, आत काय होतं?"

"उशी."

"डोक्याची?"

काय करणार, सांगितलं. पलीकडे फोनवर हात ठेवल्याचा आवाज, आणि त्या हाताआडून दोघी-तिघींचं खुदुखुदु. ती परत आली ती गंभीर आवाजात, "आमच्याकडे तो प्रकार नाहीये मॅडम. खेळणी लिहू का?" मी फोन आपटला. मला इतकी घाण वाटली की उठून मी हात धुतले.

मग मला वेगळीच शंका आली. मी मागच्या सगळ्या ऑर्डरी काढून बसले. शिक्षिकेची दोन्ही धरून अकरा पार्सलं 'वाटेत' होती. अकरा. आणि शिक्षिका सोडली तर एकीनंही विचारलं नव्हतं. मी प्रत्येकीला लिहिलं. एकीचं उत्तर आलं, "वाटलं, नशिबातच नसेल, जाऊ द्या." एकीनं लिहिलं, "फोन सासरे बघतात, म्हणून विचारलं नाही." तिसरीनं सरळ विचारलं, "कुणी उघडलं तर नसेल ना?" म्हणजे बघा, पैसे भरलेले, वस्तू नाही, आणि यांना भीती कसली तर कुणी पाहिलं असेल याची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि या बायकांच्या लाजेवर ती कंपनी दोन महिने निवांत झोपली होती.

भावोजी मात्र ढिम्म. "पार्सल हरवत नसतं," ते म्हणाले. "पडून असतं कुठेतरी. मी एकतीस वर्षं—"

"तुमची एकतीस वर्षं घाला चुलीत," ताई म्हणाली. ताई असं कधी बोलत नाही. "कुठे पडलंय ते शोधून आणा. मी त्या बायकांना शब्द दिलाय."

भावोजींनी एक अर्ज लिहिला, त्याच्या तीन प्रती काढल्या, आणि बुधवारी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर कंपनीच्या गोदामात गेले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात जुनं ओळखपत्र ठेवलं होतं. फाटकावरच्या रखवालदारानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, हे संपलंय." तासभर बाकावर बसवल्यावर आतून एक मुकादम आला. तिशीचा असेल. काडीनं दात कोरत त्यानं अर्ज वाचला, काडी तिथेच जमिनीवर टाकली आणि "चला, दाखवतो" म्हणाला.

गोदाम म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. मध्ये पट्टा सरकतोय, पट्ट्यावरून खोकी चाललीयत, यंत्र वरून नंबर वाचतंय आणि एकेक खोकं ढकलून वेगवेगळ्या घसरगुंड्यांवर टाकतंय. खालच्या खोक्यांवर वरची खोकी धपाधप पडत होती. एका खोक्यातून काहीतरी तेलकट गळत होतं आणि त्याचा ओघळ पुढच्या सगळ्या खोक्यांना लागत चालला होता. माणसं मान वर करत नव्हती. सगळीकडे ओल्या पुठ्ठ्याचा आणि घामाचा वास होता. भावोजी बघत राहिले. त्यांच्या पार्सलखोलीत, ते सांगायचे, काचेचं सामान असेल तर माणसं हातांची साखळी करायची.

पट्ट्याच्या सुरुवातीला एक प्लास्टिकची बादली होती, सुतळीनं गच्च भरलेली. मुकादमानं तिला बुटानं हलवलं.

"ही बघा आमची डोकेदुखी. या दोन रुळांच्या मधे फट आहे ना, त्यात सुतळी अडकते. एक अडकली की सगळा पट्टा बंद, चाळीस माणसं हात बांधून उभी. म्हणून आता आम्ही आधीच कापतो. घाईत कापताना कागद निघतो, कागदाबरोबर पत्ता जातो. मग तो माल बेवारस." तो हसला. "काय आहे, अजून कोणीतरी अडाणी माणूस सुतळ्या बांधतोय."

भावोजी वाकले. त्या गुडघ्यांनी त्यांना वाकायला वेळ लागला. बादलीतून त्यांनी एक तुकडा उचलला. गाठ शाबूत होती, दोन्ही टोकं सारखी. सुतळी गाठीच्या बाजूनं कापलेली होती. त्यांनी तो तुकडा घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "बेवारस माल कुठे असतो?"

तो शेडच्या मागच्या कोपऱ्यात, जाळीच्या पिंजऱ्यात असतो. पिंजऱ्याच्या तोंडाशी स्टुलावर एक कामगार बसून वहीत काही लिहीत होता. मला आधी दिसली ती जाळीला टांगलेली. ताईची उशी. तिच्यावर जाड काळ्या पेनानं डोळे काढले होते, जीभ बाहेर काढलेलं तोंड काढलं होतं आणि डोक्यावर केस म्हणून सुतळीचा झुबका चिकटवला होता. चिकटपट्टीनं. दुसरी टेबलावर होती, तिच्यात टाचण्या आणि पेनं खोचलेली. तिसरी कुणीतरी फाडून आतले काचमणी काढून घेतले होते, कापूस लोंबत होता. चौथी त्या लिहिणाऱ्या कामगाराच्या बुडाखाली होती.

  त्या प्रत्येक उशीमागे एक बाई होती जिनं आरशापुढे उभं राहून, दार लावून, कागदावर स्वतःचं माप आखलं होतं.

"पोरं जरा गंमत करतात," मुकादम म्हणाला. "काय आहे तेच कुणाला कळेना. एक म्हणतो सुयांची गादी, एक म्हणतो बाहुलीचं डोकं. आहे तरी काय हे?"

 बोलले ते भावोजी.

"बाईला कॅन्सर झाला की छाती काढतात," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पार्सलाचं वजन सांगतात तसं सांगितलं. "एक स्तन काढतात. त्या जागी ठेवायला माझ्या बायकोनं शिवलंय हे. तिचंही काढलंय. ती रोज हेच घालते."

स्टुलावरचा कामगार उठला. खालची उशी काढली, झटकली, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी घेतली. ती गरम होती. 

अकरातल्या नऊ सापडल्या. भावोजींनी जाळीवरची स्वतः सोडवली. मग भरपाईचा अर्ज द्यायला आम्ही मुकादमाच्या केबिनमध्ये गेलो. मुकादम आता जरा वरमला होता, खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. पण अर्ज त्यानं बाजूला सारला.

"भरपाई नाही मिळायची, काका. सुतळी चालत नाही हे पावतीच्या मागे छापलंय."

"वाचलंय," भावोजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. वाचलंय? या माणसानं वाचलं होतं?

"मला वाटलं, सैल बांधणाऱ्यांसाठी असेल," ते म्हणाले. "माझी सुतळी सैल नसते."

त्या वेळी मला मुकादमापेक्षा, त्या टांगणाऱ्या पोरांपेक्षा भावोजींचा जास्त तिटकारा आला. खोटं कशाला बोलू. एका गाठीच्या ऐटीसाठी या म्हाताऱ्यानं माझ्या बहिणीचा शब्द मातीत घातला, असं मनात आलं, आणि ते माझ्या तोंडावरही दिसलं असणार.

"आणि नुसती पावती नाही," मुकादम म्हणाला. "पत्त्याची चिठ्ठी कॉम्प्युटरवर बनवता ना, तेव्हा दरवेळी विचारतो आम्ही. ही बघा ओळ. पार्सलला दोरी अथवा सुतळी बांधलेली नाही. पुढे खूण करावी लागते, त्याशिवाय चिठ्ठी छापलीच जात नाही. अकराच्या अकरा वेळा खूण आहे. म्हणजे खोटं लिहून दिलंय. असं लिहून दिल्यावर जबाबदारी पूर्ण पाठवणाऱ्याची."

त्यानं कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. भावोजींनी चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवत त्यांनी अकराही वाचल्या. मग चष्मा काढून पुसला.

"खातं कुणाच्या नावावर आहे?" मुकादमानं विचारलं.

"बायकोच्या."

"मग त्यांनीच खूण केली असणार."

भावोजींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते काही कळलं नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्या खुणा माझ्या होत्या. चिठ्ठ्या मीच छापायची, ताईला कॉम्प्युटर चालू करता येत नाही. ती ओळ मी पहिल्याच वेळी वाचली होती, नीट वाचली होती. पलीकडच्या टेबलावर भावोजी सुतळी ओढत होते. मनात म्हटलं, आता यांना हे सांगितलं की तासभर व्याख्यान, चिकटपट्टी म्हणजे चोराची सोय. कोण तोंडी लागणार. टिचकी मारली, चिठ्ठी छापली. दुसऱ्या वेळेपासून तर वाचायचंही कारण उरलं नाही. शिक्षिकेची दुसरी उशी पाठवली तेव्हासुद्धा टिचकी मारली, आणि नंतर साइटवर, कंपनीवर, त्या फोनवरच्या मुलीवर आग पाखडत बसले.

परत येताना बसमध्ये पिशवी भावोजींच्या मांडीवर होती. मी ठरवलं, पुढच्या थांब्याला बोलायचं. पुढचा थांबा गेला. त्याच्या पुढचाही गेला. त्यांनी दोनदा घसा साफ केला, मला वाटलं आता विचारतील. विचारलं असतं तर मी कबूल केलं असतं, एवढं नक्की. पण ते खिडकीबाहेर बघत बसले आणि उतरताना फक्त म्हणाले, "सांभाळून, पायरी उंच आहे."

घरी आल्यावर मला वाटलं, आता हे ताईला काहीतरी गोड करून सांगतील, सापडल्या, जरा मळल्यात, वगैरे. मी असते तर तेच केलं असतं. त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. डोळे काढलेली, फाटलेली, टाचण्यांची, सगळ्या. कुठली कुठे होती ते एकेक सांगितलं. स्टुलाचंही सांगितलं. ताई उभी होती ती खाली बसली.

"सुतळी यंत्रात अडकते," ते म्हणाले. "बांधू नका म्हणून पावतीवर छापलंय. मी वाचलं होतं. तरी बांधली. दोष माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही."

दुसऱ्या कुणाचा नाही. हे त्यांनी ताईकडे बघून म्हटलं. मी दाराशी चपला काढत होते. एक चप्पल हातात तशीच राहिली होती.

ताई रडली नाही. तिनं ती तोंड काढलेली उशी उचलली, शिवण उसवून बघितली, माप ओळखायचा प्रयत्न केला. मग खाली ठेवली. "त्या बायका मला म्हणायच्या, गाठ आहे तशी मिळाली," ती म्हणाली. "मी तुमच्या गाठीवर शब्द देत होते. यापुढे माझ्या पार्सलांना हात लावायचा नाही."

"नाही लावणार," भावोजी म्हणाले. सुतळीचं रीळ, कात्री, तपकिरी कागद, सगळं उचलून त्यांनी माळ्यावर टाकलं. गुडघे दुखत असताना स्टुलावर चढून टाकलं. मी स्टूल धरलं होतं.

ताईनं दहाही बायकांना स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली. काय झालं ते खरं खरं. उघडली गेली, लोकांनी पाहिली, एकीवर तोंड काढलं, थट्टा झाली, चूक आमची. नव्या शिवून पाठवते किंवा पैसे परत करते, जे म्हणाल ते. मी म्हटलं, एवढं सगळं कशाला सांगतेस, ती म्हणाली, शब्द मोडला तर मोडला म्हणून सांगायला तरी हवं. तीन बायकांनी नव्या मागवल्या. सहांनी पैसे घेतले, पुन्हा एक ओळ लिहिली नाही. शिक्षिकेनं लिहिलं, "त्यातली तोंड काढलेली, ती माझी होती का?" ताई दोन दिवस विचार करत होती. मग तिनं लिहून पाठवलं, माहीत नाही.

आता पार्सलं मी बांधते. पुठ्ठ्याचं खोकं, चिकटपट्टी, चिठ्ठी. एकही हरवत नाही. पट्टी ओढताना चर्र आवाज होतो, तो झाला की भावोजी पेपर घेऊन गॅलरीत जातात. इमारतीतलेही कुणी आता बांधायला येत नाहीत, काउंटरवरचा पोरगा सुतळीचं पार्सल घेतच नाही. पार्सलमास्तर म्हणतात अजून, पण ते आता चेष्टेनं. ते दिवसभर काही करत नाहीत. ताई त्यांच्याशी बोलते, जेवायला वाढते, औषध देते. पण पूर्वी शिवलेली पिशवी त्यांच्या हातात देताना ती जशी दोन मिनिटं टेबलाशी रेंगाळायची, तसं रेंगाळायला तिला आता काही उरलेलं नाही.

मागच्या रविवारी हॉस्पिटलातली नर्सबाई चहाला आली होती, ताईची ऑपरेशनपासूनची मैत्रीण. धंदा कसा चाललाय म्हणून तिनं विचारलं.

"हिच्यामुळे चाललाय," ताईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "यांच्या सुतळीनं तर बुडवलाच होता. ही होती म्हणून निभावलं. हिच्या हातून कधी चूक होत नाही बघ."

समोर भावोजी बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता. आता तरी बोला. चारचौघांत माझं थोबाड रंगवा, सुटेन तरी.

"खरं आहे," भावोजी म्हणाले. "फार नीट काम आहे तिचं."

टोमण्यात म्हणाले असते तर मी तिथल्या तिथे सगळं ओकून मोकळी झाले असते. पण ते मनापासून म्हणाले, आणि ताईचा हात अजून माझ्या पाठीवरच होता. मी बिस्किटांची बशी नर्सबाईंच्या पुढे सरकवली आणि घ्या ना म्हटलं.